इस्मतचा ‘दोझखी’ भाऊ: अझीम बेग चुगताई आणि त्याचा खोडकर विनोद

उर्दू लेखिका इस्मत चुगताई म्हटलं की आपल्याकडे लोकांना तिची ‘लिहाफ’ ही कथा आठवते, त्या कथेवरचा लाहोरचा अश्लीलतेचा खटला आठवतो, तिचा मित्र कथाकार मंटो आठवतो, मुंबईतली तिची पन्नासेक वर्षं आठवतात. पण १९४० च्या आसपास दिल्लीत किंवा लखनौत एखाद्या साध्या उर्दू वाचकाला ‘चुगताई काय लिहितात हो?’ असं विचारलं असतं ना, तर त्याने इस्मतचं नाव घेतलंच नसतं, त्याने तिच्या मोठ्या भावाच्या गोष्टी सांगायला सुरुवात केली असती आणि सांगता सांगता स्वतःच हसत सुटला असता. मिर्झा अझीम बेग चुगताई. हा माणूस एवढा पॉप्युलर होता की १९३९ साली इस्मतचं पहिलं नाटक ‘फसादी’ ‘साकी’ मासिकात छापून आलं तेव्हा वाचकांना वाटलं अझीम बेगनेच नाव बदलून लिहिलंय.

आज उलटं झालंय. आज अझीम बेगची ओळख ‘इस्मतचा भाऊ’ एवढीच उरलीय, आणि तीही ज्यांना माहितीय त्यांच्यापुरती. म्हटलं नीट सांगावं हा कोण होता, काय लिहायचा, त्याच्यावर लोक चिडायचे का, आणि मराठी वाचकाने त्याच्याकडे वळायचं तर कुठून.

आधी माणूस बघू. वडील मिर्झा कसीम बेग, इंग्रज सरकारच्या नोकरीत मॅजिस्ट्रेट, त्यामुळे बदल्या, आग्रा, अलीगढ, जोधपूर अशी घरं फिरती. एकूण दहा भावंडं, सहा भाऊ चार बहिणी, इस्मत शेंडेफळाच्या जवळची. म्हणजे अझीम बेग आणि इस्मत यांच्यात एका पिढीचं म्हणावं एवढं अंतर, ती लहान होती तेव्हा हा शिकून सवरून कर्ता झालेला. अलीगढला शिकला, वकील झाला, जोधपूरला वकिली केली, पुढे जावरा संस्थानात न्यायाधीश होता (जावरा म्हणजे माळव्यातलं छोटं मुसलमान संस्थान, आज मध्य प्रदेशच्या रतलाम जिल्ह्यात येतं). आणि २० ऑगस्ट १९४१ ला जोधपूरला वारला, पन्नाशीही गाठली नाही. टीबी होता, वर्षानुवर्षं. स्ट्रेप्टोमायसिन सापडलं १९४३ मध्ये, म्हणजे तो गेल्यावर दोन वर्षांनी, त्याआधी टीबी झाला म्हणजे हवापालट, दूध, अंडी, आराम आणि वाट बघणं. ह्या माणसाने वाट बघत बसण्याऐवजी पुस्तकं लिहिली, आणि ती विनोदी लिहिली, आणि एक-दोन नाही, ढीगभर लिहिली.

आता त्याचा विनोद कुठल्या जातीचा हे कळायला उर्दू विनोदाचा थोडा नकाशा लागेल. उर्दूत छापील विनोदाची मोठी सुरुवात मानतात ती लखनौच्या ‘अवध पंच’ पासून, १८७७ साली मुन्शी सज्जाद हुसेन यांनी काढलेलं साप्ताहिक, लंडनच्या ‘पंच’ वरून नाव घेतलेलं. त्यातला विनोद बराचसा टोमणे, टोप्या उडवणं, एकमेकांच्या भाषेची चिरफाड असा. मग १९२० ते ४० च्या दरम्यान एक मस्त पिढी आली. लाहोरच्या गव्हर्नमेंट कॉलेजात इंग्रजी शिकवणारा पत्रस बुखारी, ज्याचं एकच बारीकसं पुस्तक पण अजून लोक पाठ म्हणून दाखवतात. अलीगढचे रशीद अहमद सिद्दीकी, ज्यांचं वाचायचं तर अलीगढ कॅम्पस, गालिब आणि निम्मी उर्दू कविता डोक्यात असावी लागते. दिल्लीची बोली जिभेवर खेळवणारे फरहतुल्ला बेग. ‘स्वदेशी रेल’ वाला शौकत थानवी. आणि ह्या सगळ्यांत आमचा अझीम बेग.

ह्यांच्यातला फरक सोप्यात सांगायचा तर असा: पत्रस आणि रशीद साहेबांचं हसू वाक्यात असतं. वाक्य काढून घेतलं की हसू गेलं. अझीम बेगचं हसू घटनेत असतं. कोण कुठे लपलंय, कोणी कोणाला काय समजून काय बोललं, काय अडकलं, काय सांडलं, कोण पळालं, कोण पकडलं गेलं. उर्दू समीक्षक ह्याला जरा हलकं मानतात, म्हणतात हा धिंगाण्याचा विनोद, कॉलेजच्या पोरांचा विनोद. मला त्यातलं अर्धं पटतं. पण ह्याच गोष्टीचा एक फायदा आपल्यासारख्यांना आहे, की उर्दूची नजाकत फारशी न कळणारा वाचकही ह्याच्यावर हसू शकतो, रशीद साहेबांच्या बाबतीत ती सोय नाही.

उदाहरण घेऊ. ‘शातिर की बीवी’ नावाची त्याची एक गाजलेली गोष्ट आहे, शातिर म्हणजे इथे बुद्धिबळाचा खेळाडू. गोष्ट बुद्धिबळाने सुरूच होत नाही. सुरू होते ती काळ्या चकचकीत बुटांनी. निवेदक आपल्याला अगदी गंभीरपणे समजावून सांगतोय की उत्तम, काळा, चमकणारा बूट घालून घराबाहेर पडण्याची खरी मजा कधी येते, तर तोंडात पानही असेल तेव्हा, तंबाखूचा स्वाद घेत घेत मधूनच एक नजर आपल्याच बुटावर टाकावी. बस. एवढ्यात माणूस उभा राहिला. हा स्वतःवर खूश असलेला, कामधंद्याची फार फिकीर नसलेला, घरातून सटकायच्या तयारीत असलेला नवरा आहे हे आपल्याला कळलं, आणि आता घरात ह्याची वाट अडवणारी एक बायको असणार हेही कळलं. पुढे काय व्हायचं ते बुद्धिबळाच्या नादी लागलेल्या कुठल्याही माणसाच्या घरी होतं तेच होतं, फक्त अझीम बेग ते चढवत चढवत नेतो. लक्षात घ्यायची गोष्ट अशी की त्याने जोक मारला नाही. त्याने बूट दाखवला.

दुसरी त्याची सगळ्यात फेमस गोष्ट, ‘अंगूठी की मुसीबत’. ही एका मुलीच्या तोंडून सांगितलेली आहे. सुरुवातच अशी की ती मैत्रिणीला, शाहिदाला, म्हणते की मी आता जाऊन किल्ल्या घेऊन येते. कसल्या किल्ल्या, तर वडिलांच्या. कशासाठी, तर हिच्यासाठी जी स्थळं आलीत त्यांची पत्रं आणि फोटो वडिलांनी बंद करून ठेवलेत, ते ह्या दोघींना बघायचेत. मग दोघींची शेरेबाजी. आणि पुढे एक अंगठी बोटात जी जाते ती निघता निघत नाही, आणि ती नेमक्या कुठल्या परिस्थितीत निघत नाही ते मी सांगत नाही, वाचा.

ही गोष्ट आज वाचताना गोड वगैरे वाटते, चला पोरींनी थोडी गंमत केली. पण ती ज्या घरांत वाचली जात होती त्या घरांचा हिशोब डोक्यात घेतला तर ह्या गोडव्याच्या खाली काय चाललंय ते दिसतं, आणि माझ्या मते अझीम बेग समजायची किल्ली इथेच आहे.

त्या काळच्या उत्तर हिंदुस्थानातल्या ‘शरीफ’ मुसलमान घरांत, म्हणजे नोकरदार, जमीनदार, वकील, हकीम अशा खानदानी म्हणवणाऱ्या घरांत, घराचे सरळ दोन भाग असायचे. मर्दाना बाहेरचा, जनाना आतला. बाहेरचा पुरुष आत यायचा नाही, आतली बाई बाहेर पडली तर डोलीत किंवा बुरख्यात, आणि काही घरांत तर बाईचा आवाज बाहेर ऐकू जाणंसुद्धा बेअब्रू. लग्न ठरायचं ते बापलोकांत, मुलीला विचारायची पद्धत नाही, निकाहाच्या वेळी ‘हूं’ करण्यापुरती तिची गरज. मुलीने आपल्या लग्नाचा विषय निघाला की उठून जायचं, हा सभ्यपणा. अशा घरात एक मुलगी किल्ली चोरते, बापाच्या खोलीत जाते, आणि परक्या पुरुषांचे फोटो हातात घेऊन हा असा दिसतो, तो तसा दिसतो, म्हणून नाकं मुरडते. एरवी पसंत-नापसंत करायचा हक्क सगळा पलीकडच्या बाजूला. इथे ती बघतेय आणि ते बिचारे फोटोत गप्प बसलेत. हे सरळ लेख लिहून सांगितलं असतं तर मारामारी झाली असती, गोष्टीत सांगितलं तर ज्या बापांच्या किल्ल्या चोरीला जायच्या तेच बाप हसत हसत वाचत होते, आणि मासिक वाचून झालं की आत जनान्यात जात होतं.

आणि सरळ लेख लिहिल्यावर काय होतं ह्याचाही अनुभव त्याने घेतला. ‘कुरान और पर्दा’ नावाचं त्याचं पुस्तक आहे, विनोदी नाही, चांगलं वकिली थाटाचं. मुद्दा साधारण असा की आपल्याकडे पडद्याच्या नावाखाली बायकांना जे कोंडून ठेवलंय, चेहरा झाकायची जी सक्ती आहे, ती धर्मग्रंथात ह्या रूपात नाही, ती आपली चालीरीत आहे आणि आपण तिला धर्माचं नाव देतोय. लक्षात घ्या, हा माणूस धर्माची टिंगल करत नव्हता, त्याने कुराण आणि हदीस (प्रेषितांची वचनं) चांगले वाचले होते, त्यातलेच दाखले काढून तो वाद घालत होता. पण तेच जास्त झोंबतं ना! बाहेरचा कोणी बोलला तर त्याला अडाणी म्हणून उडवता येतं, घरातलाच माणूस पुस्तक उघडून ओळीवर बोट ठेवायला लागला की काय करायचं. खूप शिव्या खाल्ल्या त्याने. तो काळही असा गरम होता, ह्याच सुमारास, १९३२ मध्ये, लखनौहून ‘अंगारे’ नावाचा चार तरुण लेखकांचा कथासंग्रह निघाला, त्यात डॉक्टर रशीद जहाँ एकटी बाई, आणि धार्मिक भावना दुखावल्या म्हणून पुढच्याच वर्षी संयुक्त प्रांताच्या सरकारने त्याच्यावर बंदी घातली. तर अशा दिवसांत पडद्यावर पुस्तक लिहायचं म्हणजे गंमत नव्हती.

आपल्याकडे श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांनी सुदामा, बंडूनाना, पांडूतात्या अशी मंडळी उभी करून रूढींची जी टर उडवली ती आठवा, तोच धंदा, फक्त कोल्हटकर रूढीलाच समोर बसवून तिची फजिती करतात आणि अझीम बेग रूढीचं नावही काढत नाही, तिच्या घरात दोन वांड पोरी नाहीतर एक वांड बायको सोडून देतो आणि दार लावून घेतो. ही वांड बायको त्याची खास निर्मिती. ‘शरीर बीवी’ नावाचं त्याचं अख्खं पुस्तक आहे, म्हणजे खोडकर बायको. ‘खानम’ मध्येही तेच, नवरा-बायको, त्यांचं भांडण, लाडीगोडी, एकमेकांना गंडवणं. ह्या बायका डोळ्यात पाणी आणून बसत नाहीत, त्या काळच्या उर्दू कादंबरीतल्या आदर्श सुशील मुलींसारखं लेक्चरही देत नाहीत, ह्या नवऱ्याची खोड मोडतात. नवरा-बायको मित्र असू शकतात, एकमेकांची टिंगल करू शकतात, ही त्या घरांसाठी बऱ्यापैकी नवीन बातमी होती.

आता त्याच्या आयुष्याकडे परत येऊ, कारण हा खोडकरपणा आला कुठून हे कळल्याशिवाय चित्र पुरं होत नाही, आणि ते आपल्याला सांगितलंय खुद्द इस्मतने. भाऊ गेल्यावर तिने एक व्यक्तिचित्र लिहिलं, त्याचं नाव ‘दोझखी’. दोझख म्हणजे नरक, दोझखी म्हणजे नरकात जाणारा. सख्ख्या, मेलेल्या भावावरच्या लेखाला हे नाव! ‘साकी’ मध्येच छापून आला तो.

इस्मत सांगते की हा लहानपणापासून आजारी. बाकीचे भाऊ दांडगे, हट्टेकट्टे, मारामाऱ्या करणारे, आणि हा कापसात गुंडाळून ठेवलेला. आता आपल्याला वाटेल आजारी पोराचे किती लाड, पण तिचं म्हणणं वेगळं आहे. ह्याला कोणी मारायचं नाही, ह्याचं काही चुकलं तरी सगळे सोडून द्यायचे, का तर आजारी आहे बिचारा, आणि हेच त्याला सगळ्यात जास्त लागायचं. बरोबरीच्या पोराशी भांडायलाही कोणी तयार नाही म्हणजे आपली गिनतीच नाही. मग त्याने काय केलं, अंगात ताकद नव्हती तर डोकं वापरलं. ह्याचं त्याला, त्याचं ह्याला, काडी टाकायची आणि बाजूला बसून बघायचं. आपल्याकडे कळीचा नारद म्हणतात तसला. घरात भांडण लागलं की हा खूश, कारण आता सगळे दांडगे एकमेकांना बडवतायत आणि सूत्रं कोणाकडे, तर ज्याला पायऱ्या चढताना धाप लागते त्याच्याकडे.

ही सवय मोठेपणी गेली नाही, वाढली. एक उदाहरण इस्मतने दिलंय ते फार बोलकं आहे. करबलाच्या लढाईत इमाम हुसेनना शहीद करणाऱ्या फौजेचा मालक यझीद, त्याचं नाव मुसलमान घरात कसं घेतलं जातं हे वेगळं सांगायला नको. तर हा त्या यझीदची बाजू घेऊन तासन् तास वाद घालायचा, समोरचा लाल झाला पाहिजे एवढाच हेतू. आणि पुढे एक दिवस सांगायला लागला की स्वप्न पडलं, स्वप्नात यझीद येऊन इमामांच्या पायावर पडला आणि त्यांनी त्याला उठवून छातीशी धरलं, तेव्हापासून मी यझीदलाही मान देतो, तिकडे वर त्यांचं मिटलंय तर आपण इथे कशाला भांडायचं. आता ह्याला काय म्हणायचं, नास्तिकपणा म्हणायचा की भलतीच मोठी श्रद्धा? इस्मतही ठरवत नाही, सांगते आणि पुढे जाते.

नाव ‘दोझखी’ पडलं तेही ह्याच्यातूनच. घरात कोणी म्हणालं की तू नरकात जाशील, तर ह्याचं उत्तर तयार: इथे अल्लामियाँनी कुठला स्वर्ग दिलाय म्हणून तिथल्या नरकाची धमकी देतायत, मला जाळायला गेले तर त्यांची लाकडं-कोळसा फुकट जाईल, आपल्याला सगळ्या यातनांची सवय आहे. आणि वर हेही की नरकात निदान माझे टीबीचे जंतू तरी जळून मरतील, स्वर्गात पाठवलंत तर मी तिथल्या सगळ्या मौलवींना टीबी लावीन. हे बोलणारा माणूस हाडांचा सापळा झालेला, बोलताना दम लागतोय, खोकल्याची उबळ येतेय, ही बाजू धरून ते परत वाचा.

इस्मत आणखी एक गोष्ट कबूल करते जी मला फार प्रामाणिक वाटते. भाऊ जिवंत असताना तिने त्याच्या पुस्तकांना काही किंमत दिलीच नव्हती. ती त्या नव्या पिढीची, १९३६ ला लखनौला प्रगतिशील लेखकांची पहिली परिषद झाली तिथे ती हजर होती, प्रेमचंद अध्यक्ष, सगळीकडे क्रांतीचं वारं, आणि ह्या तरुण मंडळींचं मत असं की दोन वर्षांपूर्वीचं सगळं लिखाण शिळं, खोटं, फेकून द्या. त्यात भावाची विनोदी पुस्तकं म्हणजे तर घर की मुर्गी. तो गेल्यावर तिने ती पुस्तकं उघडली आणि बसली वाचत, आणि मग तिला दिसलं की ह्याच्या गोष्टीतले नायक काय काय करतात, धावतात, उड्या मारतात, भिंती चढतात, प्रेमं करतात, दंगा करतात, मार देतात, मार खातात. म्हणजे ज्याच्याशी कोणी कुस्ती खेळलं नाही त्याने कागदावर मनसोक्त कुस्त्या खेळून घेतल्या. समीक्षक ज्याला धिंगाणा म्हणून नाक मुरडतात तो धिंगाणा अंथरुणात पडलेल्या माणसाने लिहिलाय. त्यामुळे तो आपोआप थोर होत नाही हे मान्य, पण मला तरी हे कळल्यावर त्याच्या गोष्टीतली पळापळ वेगळीच दिसायला लागली.

शिवाय इस्मतला वाचायची, वाद घालायची गोडी लावणाऱ्यांतही हाच होता, तिनेच पुढे त्याला आपला पहिला गुरू म्हटलंय. आणि तिचं लिखाण बघा ना, तीच कैचीसारखी चालणारी जीभ, तेच जनान्याच्या आतलं सगळं ठाऊक असणं, तेच वांड बायकांवरचं प्रेम. फरक एवढाच की भाऊ जिथे हसून दार लावून घेतो तिथे बहीण दार सताड उघडं टाकते. ‘लिहाफ’ १९४२ ची, भाऊ गेल्यानंतरच्या वर्षातली.

ह्या ‘दोझखी’ बद्दलचा मंटोचा किस्सा सांगायलाच हवा. मंटोने इस्मतवर जो लेख लिहिलाय त्यात तो स्वतःच सांगतो. मंटोच्या बहिणीने, इक्बालने, ‘दोझखी’ वाचला आणि ती भडकली, की काय बेशरम बाई आहे ही, मेलेल्या भावालाही सोडलं नाही, काय काय फालतू लिहिलंय. मंटो म्हणाला, इक्बाल, माझ्या मरणावर तू असलाच लेख लिहायचं वचन देत असशील तर देवाशप्पथ मी आजच मरायला तयार आहे. आणि पुढे लिहितो की शहाजहानने प्रेयसीच्या आठवणीसाठी ताजमहाल बांधला, इस्मतने आपल्या लाडक्या भावाच्या आठवणीसाठी ‘दोझखी’ लिहिला. बहुतेक लोकांनी अझीम बेगचं नाव पहिल्यांदा ऐकलेलं असतं ते ह्या वाक्यामुळेच. म्हणजे बघा, ज्याने एवढी पुस्तकं लिहिली तो माणूस स्वतःच्या पुस्तकांमुळे कमी आणि बहिणीच्या एका लेखामुळे जास्त टिकला. (‘साकी’ चे संपादक शाहिद अहमद देहलवी यांनीही त्याचं व्यक्तिचित्र लिहिलंय, तेही चांगलं आहे, पण इस्मतच्या शेजारी ठेवलं की फिकं पडतं, त्याला इलाज नाही.)

मग तो विसरला का गेला? एक कारण साहित्यातलं. प्रगतिशील चळवळ आली आणि गंभीर कथा हीच खरी कथा असं वातावरण झालं, कृष्ण चंदर, बेदी, मंटो, इस्मत ह्या चौकडीने मैदान मारलं, विनोदी गोष्ट मासिकाच्या मागच्या पानावर गेली. दुसरं फाळणी. ‘साकी’ दिल्लीहून उठून कराचीला गेलं, त्याचे वाचक दोन देशांत वाटले गेले, इकडे उर्दू लिपी वाचणारी नवी पोरं कमी झाली. आणि तिसरं कारण त्याच्या स्वतःच्या लिखाणात आहे, ते झाकण्यात अर्थ नाही. तो फार लिहायचा आणि कापायचा नाही. गोष्ट सुरू होते झकास, मध्यापर्यंत आपण हसत असतो, मग तीच युक्ती पुन्हा, तोच गैरसमज आणखी एकदा, आणि शेवट कुठेतरी घाईत गुंडाळलेला. कादंबऱ्यांत तर हे फारच. काही विनोद आज चालतही नाहीत, नोकरचाकरांवरचे, रंगरूपावरचे. पत्रसने अकरा लेख लिहिले आणि अमर झाला, अझीम बेगच्या ढिगातून कोणीतरी चांगल्या अकरा गोष्टी निवडून एक पुस्तक करायला हवं होतं.

वाचायचं असेल तर लिपीची अडचण नाही, ‘रेख्ता’ ह्या उर्दू साहित्याच्या साइटवर त्याच्या बऱ्याच कथा देवनागरीतही मिळतात, फुकट, आणि अवघड शब्दावर टिचकी मारली की अर्थ येतो. भाषा घरगुती आहे, हिंदी सिनेमे बघून ज्याचा कान तयार झालाय त्याला पहिली दोन पानं जरा अडखळायला होईल, मग गाडी चालते. सुरुवात ‘अंगूठी की मुसीबत’ ने करा, मग ‘शातिर की बीवी’, मग ‘यक्का’ आणि ‘वकालत’. कादंबऱ्यांना निदान सुरुवातीला हात लावू नका. आणि ‘दोझखी’ आधी वाचायचा मोह होईल, सगळ्यांनाच होतो, कारण लेख म्हणून तो जबरदस्त आहे, पण तो शेवटी ठेवा. आधी वाचलात तर प्रत्येक गोष्टीत आजारी माणूसच दिसत राहील, आणि बिचारा म्हणून कोणी सोडून दिलेलं त्याला आवडत नव्हतं हे तर आता तुम्हाला माहितीच आहे.